‘सिट’ म्हणताना ‘सीट’ का होतं? इंग्रजीतले आखूड आणि लांब स्वर

माझ्या संध्याकाळच्या वर्गात परिचारिकेचं शिक्षण घेणारी एक मुलगी येत असे. एका रुग्णाने तिच्याकडे सही करायला पेन मागितलं आणि तिने काळजीने विचारलं, ‘कुठे दुखतंय?’ लिहायचं पेन आणि दुखणं, दोन्ही शब्द तिच्या कानाला सारखेच लागले होते. मुलगी अभ्यासू. लिहायचं ते पी-ई-एन आणि दुखतं ते पी-ए-आय-एन, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण तोंडात आणि कानात तिच्याकडे दोघांसाठी एकच आवाज होता. त्या दिवशी वर्गात येऊन ती म्हणाली, “मॅडम, मला ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा पहिल्यापासून शिकवा.”

मी तिला म्हटलं, हे शिकायचं असेल तर आधी ऱ्हस्व-दीर्घ बाजूला ठेवावं लागेल.

हेच मी आता वर्गातल्या प्रत्येकाला सांगते. इंग्रजीतला ‘लाँग’ स्वर म्हणजे ‘शॉर्ट’ स्वर ताणून म्हटलेला नव्हे. ते दोन वेगळे आवाज आहेत, जसे आपले ‘ए’ आणि ‘आ’ वेगळे. ‘आ’ कितीही लांबवला तरी त्याचा ‘ए’ होत नाही.

मराठी जिभेची सवय

वीट, मीठ, दूध, फूल हे शब्द मोठ्याने म्हणा. मग विटा, मिठाचा, दुधाचा, फुलाला असं म्हणून पाहा. पहिल्या रांगेतला लांब स्वर दुसऱ्या रांगेत आपोआप आखूड झाला. कुणी मुद्दाम केला नाही. शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार आपण लांबवतो, आणि पुढे प्रत्यय लागला की आखूड करतो. म्हणजे मराठी बोलण्यात स्वराची लांबी बहुतेक वेळा जागेवरून ठरते, अर्थावरून नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहिताना वेगळे आहेत खरे, पण बोलताना आपण दोन्ही सारखेच म्हणतो आणि संदर्भावरून समजून घेतो.

आता ही सवय घेऊन आपण इंग्रजीत शिरतो. एस-आय-टी हा शब्द दिसायला ‘वीट’सारखा, एका दमात संपणारा. जीभ म्हणते, लांबव. झालं ‘सीट’. तसंच शिपचं ‘शीप’, फुलचं ‘फूल’, बुकचं ‘बूक’. उलट दिशेनेही तेच. ‘फील’ म्हणताना आपण नीट लांबवतो, पण त्याला पुढे ‘इंग’ लागलं की ‘फुलाला’ची सवय जागी होते आणि भावना सांगणाऱ्या शब्दाचा ‘फिलिंग’, म्हणजे भरणं, होऊन जातो. एकच माणूस एका वाक्यात आखूड जागी लांब आणि लांब जागी आखूड बोलतो. त्यात निष्काळजीपणा नाही. त्याची मराठी पक्की आहे, एवढंच त्यातून दिसतं.

मी स्वतः मराठी माध्यमात शिकले. नोकरीच्या सुरुवातीला एका बैठकीत ‘मी इथेच राहते’ असं मला इंग्रजीत सांगायचं होतं. समोरच्यांनी ‘मी इथून निघते’ असं ऐकलं आणि माझी रजा मांडायला घेतली. लिव्ह आणि लीव्ह. तेव्हापासून या विषयाचा पिच्छा मी सोडलेला नाही.

मोजायचं काय: वेळ नव्हे, तोंड

लांब-आखूड शिकवताना मुलांच्या हातात रबर देऊन ‘शीऽऽप’ म्हणताना ताणायला सांगतात. मीही काही वर्षं तसंच केलं आणि मग सोडून दिलं. मुलं रबर छान ताणत, पण ‘शिप’ म्हणताना घाईत म्हटलेलं ‘शीप’च म्हणत. जीभ मुळीच हलत नसे.

शिवाय वेळेचं माप फसवं आहे. इंग्रजीत स्वर किती वेळ टिकतो हे पुढच्या व्यंजनावरही ठरतं. पुढे प, ट, क असले की स्वर आखडतो. ब, ड, ग असले की सैलावतो. बी-आय-डी या शब्दातला ‘आखूड’ स्वर बी-ई-ए-टी मधल्या ‘लांब’ स्वराइतका वेळ सहज घेतो. तरीही ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण तो घड्याळाकडे नव्हे, आवाजाच्या रंगाकडे लक्ष देत असतो.

कोशकारांनाही ही गोष्ट चिन्हांत उतरवायला वेळ लागला. डॅनिअल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश १९१७ साली निघाला. त्यात शिप आणि शीप या दोन्हींसाठी एकच स्वरचिन्ह होतं. लांब असेल तिथे पुढे फक्त दोन टिंबं. १९७७ साली चौदाव्या आवृत्तीत ए. सी. गिम्सन यांनी दोन्ही स्वरांना वेगवेगळी चिन्हं दिली आणि टिंबंही ठेवली. आज तुम्ही कोश उघडलात तर नुसती टिंबं शोधू नका. टिंबांच्या आधीचं चिन्हच वेगळं आहे, ते ओळखायला शिका.

आता आरसा घ्या. हनुवटीखाली हाताची पालथी बाजू हलकेच टेकवा.

‘ई’ म्हणा आणि धरून ठेवा. ओठांचे कोपरे कानांकडे ओढले गेलेत, जिभेच्या कडा वरच्या दाढांना टेकल्यात. हा शीपमधला स्वर. आवाज न थांबवता ओठांचे कोपरे सोडून द्या. जिभेचा ताण जाऊ द्या. हनुवटी हाताला किंचित दाबेल, अगदी किंचित. आवाज ‘ए’कडे झुकल्यासारखा वाटेल आणि मराठी कानाला तो चुकीचा वाटेल. तोच हवा आहे. तो शिपमधला स्वर. तो ‘इ’ नाही आणि ‘ए’ नाही, दोघांच्या मधल्या उंबरठ्यावर उभा आहे. आता हाच स्वर मुद्दाम लांबवून म्हणा. तरीही तो शिपचाच राहिला, शीपचा झाला नाही, तर तुम्हाला जमलं.

‘ऊ’चंही असंच. ओठ गोल आवळून ‘ऊ’ म्हणा: तो मूर्ख या अर्थाच्या ‘फूल’मधला स्वर. ओठ सैल सोडा, आवाज जरा ‘ओ’कडे घसरू द्या: तो भरलेला या अर्थाच्या ‘फुल’मधला. पुल आणि पूल, लुक आणि ल्यूक अशा जोड्या या सैलावण्यावरच वेगळ्या होतात.

आता पेन. इथे आपली अडचण जास्त खोल आहे. देवनागरीत इंग्रजीसाठी आपण ‘ॲ’ आणि ‘ऑ’ जोडून घेतले, त्यामुळे बेड-बॅड, बोल-बॉल लिहिताना तरी सुटतात. आखूड ‘ए’साठी मात्र आपण वेगळं चिन्ह घेतलं नाही. कन्नड आणि तेलुगूत आखूड ‘ए’ आणि लांब ‘ए’ वेगळे लिहितात आणि वेगळे बोलतात. मराठीत एकच ‘ए’. म्हणून गेट हा शब्द आपल्याकडे मिळवणंही असतो आणि फाटकही. पेपर म्हणजे कागद आणि मिरीही. सेल म्हणजे विकणं आणि विक्रीही.

यावर उपाय असा. जी-ई-टी मधल्या स्वरासाठी मराठी ‘ए’ म्हणा आणि हनुवटी थोडी खाली जाऊ द्या, ‘ॲ’च्या दिशेने, पण अर्ध्या वाटेवर थांबा. स्वर तिथेच तुटला पाहिजे. जी-ए-टी-ई साठी मराठी ‘ए’वर सुरू करा आणि जीभ वर ‘इ’कडे सरकू द्या: गेइट, एका श्वासात, मध्ये न थांबता. पेन आणि पेइन, वेट आणि वेइट, सेल आणि सेइल. सी-ओ-ए-टी मध्येही असंच सरकणं आहे: ओठ ‘ओ’ला गोल होतात आणि शेवटाकडे आणखी आवळतात, कोउट. आपल्यातले पुष्कळ जण हा शब्द साध्या मराठी ‘ओ’ने म्हणतात आणि त्याने सहसा काही अडत नाही. पण ‘ए’च्या बाबतीत अडतं, म्हणून माझा सगळा जोर तिथे असतो.

बेड आणि बॅड: पहिल्याला दातांमध्ये एक बोट मावावं, दुसऱ्याला उभी दोन. बोट काढून तोंड तेवढंच उघडं ठेवा आणि म्हणा. सी-यू-पी मधल्या आवाजाला मराठी ‘अ’ बराच जवळचा आहे, त्यावर वेळ घालवू नका.

अक्षर स्वतःचं नाव केव्हा सांगतं

इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच आणि स्वरांचे आवाज, ब्रिटिश उच्चारात रूढ पद्धतीने मोजले तर, वीस. पाच भांड्यांत वीस गोष्टी भरायच्या म्हटल्यावर खुणा लागणारच. स्पेलिंगचे नियम म्हणजे त्या खुणा.

शाळेत ‘लाँग व्हॉवेल’ म्हणतात तो साधा हिशोब आहे: अक्षर आपलं नाव सांगतं. ए म्हणजे ‘एइ’, ई म्हणजे ‘ई’, आय म्हणजे ‘आय’, ओ म्हणजे ‘ओउ’, यू म्हणजे ‘यू’. आणि ‘शॉर्ट’ म्हणजे त्याच अक्षराचा दुसरा आवाज: कॅट, बेड, सिट, हॉट, कप. ‘सिट’ आणि ‘साइट’ यांतल्या स्वरांत लांबीचं नातं कुठे दिसतं? आज दिसत नाही. पण एकेकाळी होतं, आणि ते कळलं की अर्धं स्पेलिंग सोपं होतं.

सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत एन-ए-एम-ई हा शब्द दोन अक्षरांत म्हणत: ‘ना-म’, शेवटच्या ‘म’मधला ‘अ’ ऐकू येईल असा. टी-आय-एम-ई होतं ‘टी-म’. एम-ओ-ओ-एन होतं ‘मोन’, लांब ‘ओ’चं, म्हणून तिथे दोन ओ. एम-ई-ई-टी होतं ‘मेट’, लांब ‘ए’चं, म्हणून दोन ई. तेव्हा लांब आणि आखूड खरोखरच लांब आणि आखूड होते. मग साधारण १४०० ते १७०० या काळात लांब स्वर एकामागून एक आपल्या जागा सोडून सरकले. ‘आ’ चढत चढत ‘एइ’ झाला, ‘ए’चा ‘ई’ झाला, ‘ई’चा ‘आय’ झाला, ‘ओ’चा ‘ऊ’ झाला. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने १९०९ साली या घडामोडीला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ असं नाव दिलं. आखूड स्वर बहुतांशी जिथल्या तिथे राहिले. मधल्या काळात, १४७६ च्या सुमारास, विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला आणि पुढे छापील स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. आवाज पुढे निघून गेले, अक्षरं जुन्या घरीच राहिली.

शेवटचा मुका ‘ई’ही याच काळातला. ‘ना-म’मधला शेवटचा ‘अ’ गळून गेला, पण त्याचं अक्षर खूण म्हणून उरलं: आधीचा स्वर लांब होता बरं का. वर्गात मी हे सांगते तेव्हा मोठ्या वयाचे विद्यार्थी हमखास वही उघडतात. ‘मुका ई जादू करतो’ यावर त्यांचा विश्वास बसत नसतो. ‘इथे पूर्वी एक आवाज होता’ हे त्यांना लगेच पटतं.

शब्द पाहिल्यावर काय करायचं

नवा शब्द दिसला की आधी स्वराच्या पुढे पाहा. स्वराच्या मागे काय आहे ते निरुपयोगी आहे.

स्वराच्या पुढे व्यंजन येऊन शब्द किंवा अक्षर (म्हणजे उच्चाराचा एक तुकडा) बंद झालं असेल तर आखूड: एच-ओ-पी, हॉप. व्यंजनानंतर मुका ई असेल तर लांब: एच-ओ-पी-ई, होप. स्वरावरच अक्षर उघडं संपत असेल तरी लांब: गो, मी, ही. बेबी, पेपर, टायगर, म्यूझिक, ओपन यांत पहिलं अक्षर असंच उघडं आहे.

यातून दुहेरी व्यंजनाचा नियम आपोआप निघतो, आणि सगळ्या नियमांत हाच मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण लिहितानाही तो उपयोगी पडतो. हॉपला ‘इंग’ लावायचं तर पी दोनदा लिहावं लागतं. एकच लिहिलं तर ओ उघडा पडतो आणि शब्द ‘होपिंग’ होतो, म्हणजे उडी मारण्याऐवजी आशा धरणं. दुसरं पी उच्चारायचं नसतं. ते आखूड स्वराचं रक्षण करायला भिंतीसारखं उभं असतं. एकेरी एन असेल तर डायनर, दुहेरी असेल तर डिनर. एकेरी टी असेल तर लेटर, म्हणजे नंतर. दुहेरी असेल तर लॅटर, म्हणजे दोहोंपैकी दुसरा. एकेरी पीने सुपर, दुहेरीने सपर. मराठीत दुहेरी व्यंजन आपण दणकून म्हणतो, ‘पक्का’, ‘सत्तर’; ती सवय इथे आणू नका. ‘हॅप-पी’ असं तोडू नका.

मुक्या ईला काही वेळा दुसरंच काम असतं. इंग्रजी शब्द व्हीवर संपवण्याची पद्धत नाही, म्हणून हॅव, गिव्ह, लव्ह, लिव्ह यांच्या शेवटी ई निव्वळ टेकू म्हणून आहे. तिथे लांब स्वराची अपेक्षा करू नका.

दोन स्वर शेजारी आले की पहिला बोलतो आणि दुसरा गप्प राहतो, हा नियम तुम्ही ऐकला असेल. रेन, बोट, सीट यांत तो चालतो. पण ई-ए पाहा: मीटमध्ये ‘ई’, ब्रेडमध्ये आखूड ‘ए’, ग्रेटमध्ये ‘एइ’. १९६३ साली थिओडोर क्लायमर या अमेरिकी अभ्यासकाने प्राथमिक वाचनपुस्तकांतल्या शब्दांवर असे नियम तपासले. दोन स्वरांचा हा नियम जेमतेम ४५ टक्के शब्दांत खरा ठरला. मुक्या ईचा ६३ टक्क्यांत. म्हणून दोन स्वरांचा नियम मी पाठ करून घेत नाही, जोड्या वेगवेगळ्या शिकवते. ई-ई आणि ओ-ए जवळजवळ नेहमी विश्वासू. ए-आय बऱ्यापैकी, ‘सेड’ सोडून. ई-ए प्रत्येक शब्दात तपासून घ्यावा.

ओ-ओचं वागणं समजण्यासारखं आहे. मून, फूड, स्कूल यांत लांब. पुढे के आला की बहुधा आखूड: बुक, लुक, कुक, टुक. गुड आणि फुटही आखूड. ब्लड आणि फ्लड यांत तर ‘अ’ ऐकू येतो, कारण त्यांचा स्वर इतरांच्या आधीच आखडला आणि पुढे कपमधल्या स्वरासोबत सरकला.

कोल्ड, ओल्ड, माइंड, चाइल्ड, मोस्ट यांत व्यंजनं दोन असूनही स्वर लांब आहे. हे मूठभर शब्द सरळ पाठ करा. पुढे आर आला की सगळा वेगळा संसार, कार, हर, बर्ड. तो या हिशोबात मिसळू नका.

फूल-फुलाला इंग्रजीतही आहे

मराठी माणसाला इथे खरा फायदा आहे. शब्द लांबला की आतला स्वर आखडतो, ही रीत इंग्रजीतही सापडते. चाइल्डचं चिल्ड्रन. वाइजचं विझडम. कीपचं केप्ट, स्लीपचं स्लेप्ट. नेशनचं नॅशनल, नेचरचं नॅचरल. होलीचा हॉलिडे, म्हणजे मुळातला पवित्र दिवस. हीलवरून हेल्थ, प्लीजवरून प्लेझंट. हेल्थमध्ये ‘ए’ ऐकू येतो तरी लिहायचं ई-ए का, याचं उत्तर इथे मिळतं: आत हील बसलेलं आहे. असे आप्त शब्द जोडीने शिकले की स्पेलिंग वेगळं पाठ करावं लागत नाही.

फरक एवढाच की मराठीत लांबी बदलते आणि रंग तोच राहतो, इंग्रजीत रंगही बदलतो.

रोजचा सराव

एका वेळी एकच जोडी घ्या. शिप-शीप सुरू असताना गेट-गेइटला हात लावू नका. एका जोडीला एक आठवडा, रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नको. जीभ दमली की जुन्या वाटेला लागते.

आधी कान, मग तोंड. कोशाच्या ॲपवर दोन्ही शब्द ऐका. मग घरातल्या कुणालातरी, कोणता शब्द आहे ते न सांगता, एकेक वाजवायला सांगा आणि तुम्ही कागदावर ‘१’ किंवा ‘२’ लिहा. वीसपैकी अठरा बरोबर येईपर्यंत बोलायची घाई करू नका. जो फरक ऐकू येत नाही तो तोंडातून निघत नाही, हे मी इतक्या जणांत पाहिलं आहे की त्यावर मी आता वाद घालत नाही.

मग उलट करा. तुम्ही दहा शब्द मनाशी ठरवून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि यादी वहीत झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी ते ऐकून स्वतः लिहा, मग यादीशी ताडून पाहा. लगेच ऐकू नका. काय म्हटलं ते आठवत असतं, आणि कान आठवणीचंच ऐकतो.

सुटे शब्द जमले की त्यांना शेपूट लावा: फीलिंग, सीटिंग, रीडिंग, लीव्हिंग. आपली ‘फुलाला’ची सवय इथेच घात करते, म्हणून हा टप्पा गाळू नका. प्रत्येक शब्दाआधी मूळ शब्द म्हणा, हनुवटी जिथे होती तिथेच ठेवा आणि मग ‘इंग’ जोडा. फील, फीलिंग. फिल, फिलिंग.

शेवटी वाक्यं, पण स्वतःच्या कामाची. त्या परिचारिका मुलीने स्वतःसाठी दोन वाक्यं केली होती: तुम्हाला पेन हवं आहे का, आणि तुम्हाला वेदना होत आहेत का. गणवेश चढवताना ती ती इंग्रजीत पाच-पाच वेळा म्हणायची, हनुवटीखाली हात धरून. तिसऱ्या आठवड्यात तिने मला ध्वनिमुद्रण ऐकवलं. मी डोळे मिटून कागदावर एक-दोन, एक-दोन लिहीत गेले. दहाच्या दहा बरोबर निघाले.